मोटरने कोणता वेळ वाचवला?

साधनांचा विषय निघाला की आपल्या साहित्यचर्चेत एक समजूत हमखास डोके वर काढते. साधन जितके संथ, तितकी निर्मिती सखोल, अशी ती समजूत. टाक-दौतीने लिहिणारा विचार करून लिहितो, टंकयंत्रावर लिहिणारा जरा कमी करतो, आणि संगणकावर लिहिणाऱ्याच्या हातून नुसते शब्द सांडतात, असे आपण कधी उघड, कधी आडून म्हणत असतो. या समजुतीला दृष्टान्त हवा असला की छायाचित्रकलेतून तो आयता मिळतो. तिपाईवर उभा केलेला, भात्याचा, काळ्या कापडाखाली डोके घालून चालवायचा मोठा कॅमेरा! त्याच्या एकेका चित्रामागे बरीच तयारी असते, म्हणून ते चित्र विचारपूर्वक काढलेले. हातातल्या छोट्या कॅमेऱ्याचे चित्र टिचकीसरशी निघते, म्हणून ते उथळ. विद्यार्थ्यांच्या निबंधांत हे विधान येते तेव्हा ते खोडावेसे वाटत नाही, कारण ते अगदीच खोटे नाही. पण ते तपासलेलेही नसते, आणि आमची तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

ते तपासण्यासाठी आम्ही एक आडबाजूचे उपकरण निवडले आहे. छायाचित्रकलेच्या इतिहासात त्याला सहसा जागा मिळत नाही. ते व्यावसायिक स्टुडिओंच्या कपाटांत आणि यंत्रांच्या किंमतयादीत सापडायचे. हे उपकरण म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठीला लावायची, मोटरवर चालणारी रोल फिल्म बॅक. सर्वांत संथ कॅमेऱ्याला गुंडाळीची फिल्म जोडायची आणि ती पुढे सरकवण्याचे कामही बोटांकडून काढून बॅटरीवरच्या मोटरला द्यायचे, असा हा मामला. प्रथमदर्शनी हे बैलगाडीला भोंगा बसवण्यासारखे वाटते. परंतु ‘संथपणा’ या एका शब्दाखाली आपण किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, हे या विजोड जोडीइतके स्पष्ट करणारे दुसरे काही आम्हांस माहीत नाही.

ज्यांनी असा कॅमेरा चालवलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. पुढच्या चौकटीत भिंग, मागच्या चौकटीत घासून दुधी केलेली काच, आणि दोहोंच्या मध्ये भाता. भिंगातून आलेली प्रतिमा त्या काचेवर उलटी पडते. छायाचित्रकार कापडाखाली शिरून तिच्याकडे पाहतो, पुढची-मागची चौकट कलती करतो, सरकवतो, रेषा सरळ करतो, स्पष्टता साधतो. मग शटर मिटायचे, छिद्राचा आकार ठरवायचा, शटरला ताण द्यायचा, काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सारायचा, त्यावरची झडप ओढून काढायची आणि तेव्हा कुठे शटर उघडायचे. झडप परत घालायची, होल्डर बाहेर. होल्डरमध्ये फिल्मचे दोनच ताव असतात, दोन बाजूंना एकेक. दुसरे चित्र हवे तर होल्डर उलटा करून ही शेवटची कसरत पुन्हा. तावाचे नेहमीचे आकार ४×५ इंच किंवा ८×१० इंच.

गुंडाळीची कल्पना मात्र या होल्डरला समांतर, फार पूर्वीपासून चालत आली आहे. इंग्लंडमध्ये मेल्हुइश आणि स्पेन्सर या दोघांनी १८५४ मध्येच संवेदनशील कागदाची गुंडाळी कॅमेऱ्याच्या पाठीला लावण्याचे पेटंट घेतले होते. जॉर्ज ईस्टमन आणि विल्यम वॉकर यांचा रोल होल्डर १८८५ मध्ये बाजारात आला, तो काचेच्या प्लेटा वापरणाऱ्या त्या वेळच्या मोठ्या कॅमेऱ्यांना बसवण्यासाठीच. त्यानंतर तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, गुंडाळी कॅमेऱ्याच्या पोटात गेली आणि कोडॅक जन्मास आला. म्हणजे रोल ही मोठ्या कॅमेऱ्याची शत्रू नव्हे. ती त्याच्याच पाठीवर बसून जगात आली. आज १२० या क्रमांकाने ओळखली जाणारी फिल्म १९०१ ची. तिच्यावर ६×७ सेंटिमीटरची दहा चित्रे निघतात, ६×९ ची आठ, ६×१२ ची सहा. ४×५ च्या कॅमेऱ्याला ६×७ ची बॅक लावली तर चित्राचे क्षेत्रफळ साधारण एक-तृतीयांशावर येते. हा तोटा पत्करून लोक ती लावत, कारण ताव महाग, होल्डर जड, आणि जाहिरातीच्या कामात एकाच मांडणीची थोड्याथोड्या फरकाने दहा चित्रे मागितली जात.

आता मोटर. तिने काय केले? एक चित्र निघाले की बोटाने कळ ओढावी लागत असे, ती तिने ओढली. एवढेच! त्या कॅमेऱ्याच्या कामातला बाकी कोणताही वेळ तिला शिवता आला नाही. फिल्मची बॅक जागेवर बसली की दुधी काच तेथे नसते. म्हणजे मोटर चालू असताना छायाचित्रकार आंधळा असतो. मांडणीत काही हलले, बसलेल्या माणसाने मान थोडी पुढे काढली, तर ते तपासण्यासाठी बॅक काढून काच पुन्हा बसवण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी गोष्ट शटरची. मोठ्या कॅमेऱ्याचे शटर भिंगाच्या पोटात असते आणि बहुतेक प्रकारांत प्रत्येक वेळी त्याला हाताने ताण द्यावा लागतो. पाठीमागे मोटर फिल्म सरकवून तयार. समोर शटर ढिम्म. आपोआप ताण घेणारी शटरे होती, पण ती वेगळी विकत घ्यावी लागत. छोट्या कॅमेऱ्यात फिल्म आणि शटर एकाच कळीने बांधलेले असतात. येथे त्या दोन टोकांना भाता आहे आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

तिसरी अडचण आम्हांस सर्वांत बोधक वाटते. गुंडाळीतली फिल्म रुळावरून वळून चौकटीत येते. वळणावर ती बराच काळ थांबली तर तेवढा भाग बाक धरतो, आणि तो बाकदार भाग पुढे चौकटीत आला की स्पष्टता बिघडू शकते. म्हणून जाणते लोक सांगत, की चित्र काढण्याच्या अगदी आधी फिल्म सरकवा, काढून झाल्यावर लगेच नको. मोटरचा स्वभाव याच्या नेमका उलट. चित्र झाले रे झाले, की ती पुढची चौकट आणून ठेवते. मग पुढच्या चित्रासाठी विचार करायला तुम्ही पाच मिनिटे घेतलीत तर ती पाच मिनिटे फिल्म ताटकळत बसते. विचार करणाऱ्या माणसाला हे यंत्र जणू शिक्षा देते. ज्याच्याजवळ पुढचे चित्र आधीच ठरलेले आहे त्याच्याशीच त्याचे जमते.

तेव्हा मोटरने वाचवलेला वेळ पाहण्याचा नव्हता, मांडणीचा नव्हता, प्रकाश मोजण्याचा नव्हता. पहिल्या आणि दुसऱ्या चित्रामधला जो छोटा मधला वेळ, तेवढाच तिने वाचवला. प्रश्न असा, की त्या मधल्या वेळात काय होत होते?

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ या छायाचित्राचे. दिवसभराच्या फारशा यश न आलेल्या कामानंतर मोटारीने सांता फेकडे परतताना त्यांना रस्त्याकडेला ते खेडे दिसले. वर चंद्र, खाली स्मशानातले क्रूस, आणि त्यांच्यावर मावळत्या उन्हाची शेवटची तिरीप. घाईघाईने ८×१० चा कॅमेरा उभा केला; प्रकाशमापक सापडेना. चंद्राची प्रखरता दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्यांना पाठ होते, त्यावरून हिशेब करून एफ/३२ वर एक सेकंद फिल्म उघडी ठेवली. मग दुसऱ्या चित्रासाठी होल्डर उलटा केला, आणि तेवढ्यात क्रूसांवरचे ऊन गेले. निगेटिव्ह एकच राहिली. (चित्राचे साल अ‍ॅडम्स यांना नीट आठवत नसे, ते कधी एक सांगत, कधी दुसरे. शेवटी चित्रातल्या चंद्राच्या स्थानावरून खगोलज्ञांनी तारीख काढली, १ नोव्हेंबर १९४१.)

या कथेचा उपयोग आपल्याकडे आणि इतरत्रही संथ साधनाच्या गौरवासाठी होतो. एकच संधी, एकच ताव, एकच निर्णय, म्हणून ही कलाकृती! आम्हांस हा अन्वयार्थ मुळीच मान्य नाही. अ‍ॅडम्स यांनी होल्डर उलटा केला होता, हे आपण विसरतो. त्यांना दुसरे चित्र हवे होते. पहिल्याला काही दगाफटका झाला तर हाताशी एक असावे, एवढ्याच व्यावहारिक कारणासाठी हवे होते. त्यांना ते मिळाले नाही, याचे श्रेय संयमाला नसून होल्डरच्या रचनेला आहे. त्या संध्याकाळी त्यांच्या कॅमेऱ्याला मोटरची बॅक असती तर त्यांनी ती आनंदाने वापरली असती, असे म्हणण्यास काहीच प्रत्यवाय नाही. मात्र ८×१० च्या तावाएवढे चित्र तिच्यातून निघाले नसते, ही वेगळी बाब. यंत्राच्या अडचणीला कलावंताचे व्रत ठरवणे हे समीक्षेतले जुने दुखणे आहे. कवीला कागद मिळत नव्हता म्हणून त्याची कविता अल्पाक्षरी, असे कोणी म्हटले तर आपण हसू. येथे मात्र मान डोलावतो.

याच संदर्भात वाल्टर बेन्यामिन यांचा १९३१ चा छायाचित्रणाच्या इतिहासावरचा निबंध पुढे केला जातो. सुरुवातीच्या छायाचित्रांतली माणसे दीर्घकाळ निश्चल बसत, त्यामुळे ती त्या क्षणातून निसटण्याऐवजी त्यात मुरत, अशा आशयाचे त्यांचे निरीक्षण सुंदर आहे. परंतु ते फिल्म किंवा प्लेट उघडी असतानाच्या वेळाविषयी आहे. होल्डर बदलण्याचा वेळ त्यात येत नाही, कॅमेरा मांडण्याचाही नाही. बेन्यामिन यांचा संथपणा एक, काळ्या कापडाखालचा दुसरा, आणि अ‍ॅडम्स यांना आडवा आलेला तिसरा. तिघांना एकाच तराजूत टाकून ‘संथ कला’ असे नाव देणे ही आळशी समीक्षा झाली.

मग मोटरने, किंबहुना गुंडाळीनेच, काही हिरावले नाही काय? हिरावले, पण ते वेगळ्या जागी. अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास लॉस एंजेलिसमध्ये शिकवताना ‘झोन सिस्टिम’ नावाची पद्धत बसवली. दृश्यातल्या अंधार-उजेडाचे अंतर पाहून प्रत्येक चित्र किती वेळ धुवायचे हे आधीच ठरवायचे, असा तिचा एक मुख्य भाग. उन्हातला खडक कमी धुवायचा, ढगाळ दिवसाची दरी जास्त. तावाच्या फिल्मला हे सहज जमते, कारण प्रत्येक ताव स्वतंत्र. गुंडाळीतली दहा चित्रे मात्र एकाच टाकीत, एकाच मिनिटांत, एकत्र धुतली जातात. खडकाचे आणि दरीचे नशीब एक होते. अ‍ॅडम्स यांनी पुढे रोल फिल्मचे कॅमेरेही भरपूर वापरले; ‘मून अँड हाफ डोम’ हे त्यांचे १९६० चे चित्र हॅसलब्लाडवरचे. त्यांनी यावर उपाय सुचवला तो असा, की दोन-तीन बॅका जवळ बाळगाव्या आणि कमी, मध्यम, जास्त धुवायच्या चित्रांसाठी एकेक राखून ठेवावी. म्हणजे गुंडाळीला पुन्हा तावासारखे वागवण्याची धडपड. हे नुकसान आमच्या मते खरे नुकसान आहे, आणि संथ-जलद या भाषेत ते सांगताच येत नाही. येथे प्रत्येक चित्राचे वेगळेपण गेले. वेग वाढला की नाही हा मुद्दाच नाही.

आणि मोटरशिवायही मोटर असू शकते. रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरून खाणकामगार, भटके, खाटीक, वेट्रेस यांची व्यक्तिचित्रे ८×१० च्या डिअरडॉर्फ कॅमेऱ्यावर काढली. त्यांतली निवडक १९८५ मध्ये फोर्ट वर्थच्या संग्रहालयात आणि ‘इन द अमेरिकन वेस्ट’ या पुस्तकात आली. कॅमेरा जुनाट, पांढऱ्या कागदाची पार्श्वभूमी, सावलीतला प्रकाश. पण अ‍ॅव्हेडन काळ्या कापडाखाली नव्हतेच. ते कॅमेऱ्याच्या शेजारी, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहत उभे असत. स्पष्टता साधणे, होल्डर सारणे, झडप ओढणे, होल्डर उलटा करणे ही कामे सहायक करीत. ७५२ माणसांसाठी १७,००० ताव खर्ची पडले, म्हणजे माणशी सरासरी बावीस-तेवीस. प्रदर्शनात आली सव्वाशेच्या आत. हाडामांसाची रोल फिल्म बॅकच ती! मोटरच्या बॅकेने जे साधायचे, तेच येथे दोन-तीन तरुणांच्या हातांनी साधले, आणि वर दुधी काचेपुढून छायाचित्रकाराची सुटकाही झाली. या चित्रांना कोणी उथळ म्हणत नाही. उलट ती फार क्रूर आहेत असा आक्षेप घेतला गेला; त्यावर वाद होऊ शकतो, पण तो साधनाचा वाद नव्हे.

अ‍ॅव्हेडन यांच्या उदाहरणातून मधल्या वेळाचे खरे काम उघड होते. एका चित्रानंतर थांबून ‘आणखी एक हवे का?’ असे स्वतःला विचारणे, हे ते काम. होल्डर उलटा करण्याचे कष्ट हा प्रश्न सक्तीने विचारायला लावतात. मोटर, किंवा तत्पर सहायक, तो प्रश्न रद्द करतो आणि निवडीचे काम पुढे ढकलतो: प्रकाशपेटीवर, भिंगाखाली, चार दिवसांनी, पुष्कळदा दुसऱ्याच माणसाच्या टेबलावर. निर्णय नाहीसा होत नाही. त्याची जागा बदलते, आणि कधीकधी मालकही बदलतो. जाहिरातीच्या स्टुडिओत तो मालक कलासंचालक असे, आणि मोटरच्या बॅकेचा आग्रह धरणारा पुष्कळदा तोच असावा, अशी आमची शंका आहे.

लेखनाकडे वळून पाहिले तर असेच काहीसे दिसते. संगणकाने लेखकाचे चिंतन हिरावले, या विधानाला पुरावा काय? वाक्य सुचण्यापूर्वीचा वेळ आजही ज्याचा त्याच्याजवळ आहे. संगणकाने नेमके एक काम रद्द केले, ते म्हणजे मुद्रणप्रत स्वहस्ते उतरवणे. दोनशे पाने पुन्हा लिहून काढताना प्रत्येक वाक्य हाताखालून जात असे, आणि जे लिहायचा कंटाळा येई ते गळत असे. कंटाळ्याने कित्येक कादंबऱ्या वाचवल्या असतील! आता ते वाक्य आपोआप पुढच्या मसुद्यात जाते, मोटरने ओढलेल्या चौकटीसारखे. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे सांगू इच्छितो, की ‘संगणकामुळे लेखन उथळ झाले’ असे लिहू नका. कोणत्या लेखकाची कोणती प्रत कोणत्या टप्प्यावर वाचली गेली नाही, ते शोधा. हे कष्टाचे काम आहे, हे आम्ही जाणतो.

मोटर आणि मोठी फिल्म यांचा निर्वेध संसार झाला तो आकाशात. नकाशांसाठी विमानातून चित्रे काढणाऱ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत २३×२३ सेंटिमीटरच्या चौकटी एकामागून एक निघत. मोटर फिल्म ओढी, निर्वात पोकळी तिला पाठीशी सपाट धरी, आणि विमानाच्या वेगाशी मेळ असा घातलेला असे की प्रत्येक चित्र मागच्यावर सुमारे साठ टक्के चढावे. लिनहॉफ या जर्मन कंपनीने तर आपल्या टेक्निका कॅमेऱ्याच्या घराण्यातच एरो टेक्निका हा हवाई कॅमेरा आणला. पाच इंच रुंदीची फिल्म, ४×५ इंचांच्या चौकटी, आणि मोटर. तेथे तक्रारीला जागाच नव्हती, कारण तेथे मधला प्रश्न विचारणारे कोणी नसे आणि असण्याची गरजही नसे. जमिनीवर ज्यांना मोटर आणि कलती चौकट दोन्ही हवी होती त्यांच्यासाठी जपानच्या फुजीने १९८९ मध्ये जीएक्स ६८० काढला. त्याला भाता आहे, पुढची चौकट कलते-सरकते, फिल्म मोटरवर चालते. पण त्यासाठी पोटात आरसा बसवून पाहण्याची सोय फिल्मपासून वेगळी करावी लागली. दुधी काचेच्या जागीच फिल्म बसवायची हा जुना करार मोडल्यावरच मोटर तेथे सुखाने नांदली.

या कहाणीचा एक विनोदी उत्तरार्धही आहे. १९९० च्या दशकात ४×५ च्या कॅमेऱ्याच्या पाठीला लावायच्या डिजिटल स्कॅनिंग बॅका आल्या. बेटर लाइट हे त्यांतले जाणकारांना ठाऊक असलेले नाव. त्यांत प्रकाश टिपणाऱ्या घटकांची एक अरुंद पट्टी असे आणि तिला एक सूक्ष्म मोटर चित्रभर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत नेई. एका चित्राला कित्येक मिनिटे लागू शकत. पाने हलली की रंगांच्या पट्ट्या उमटत. म्हणून त्यांचा उपयोग चित्रे, नकाशे, हस्तलिखिते अशा न हलणाऱ्या वस्तूंवर अधिक झाला. म्हणजे अखेर मोटर अशा जागी पोचली की तिने वाचवलेल्या सगळ्या वेळेची सव्याज परतफेड करावी लागली, आणि बेन्यामिन यांना भावलेली ती निश्चल बैठक पुन्हा आवश्यक झाली. फक्त आता माणसाऐवजी पोथीला.

हर्नांडेझच्या त्या एकुलत्या निगेटिव्हचा खालचा भाग फार पातळ उतरला होता. अ‍ॅडम्स यांनी १९४८ मध्ये तेवढाच भाग रसायनात बुडवून गडद करून घेतला आणि पुढे १९७० च्या दशकापर्यंत तिच्यावरून प्रती काढत राहिले. सुरुवातीच्या प्रतींत चंद्राच्या वर फिकट ढग दिसतात. नंतरच्या प्रतींत तेच आकाश जवळजवळ काळे आहे.